वरून तिसरं बटण

त्यानं शर्टाचं वरून तिसरं बटण कात्रीनं कापलं, मुठीत धरलं आणि शर्ट अंगात चढवला.

"अरे, चाळण झाली तिथं," बायको केस विंचरता विंचरता म्हणाली. "दुसरा शर्ट तरी घाल."

"नको. काहीच बदलायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर."

"शर्ट फाटेपर्यंत?"

"फाटला तर तुझ्या आई ठिगळ लावतील. जन्मभर तेच तर केलंय त्यांनी."

ती हसली, पण अर्धवटच. सोमवारी तिची रजा संपत होती. तिची नोकरी सकाळची, त्याची पाळी दुपारची. म्हणजे सकाळभर घरात दोघंच, तो आणि सासूबाई.

आणि सासूबाईंच्या लेखी तो घरात घुसलेला परका माणूस होता. लेक अजून ओळखू यायची, कधी कधी. पण लग्न झालं तेच विसरण्याचं दुखणं सुरू झाल्यावर, त्यामुळे जावई डोक्यात शिरलाच नाही. राहायला आल्या त्या आठवड्यात त्याला बघून त्यांनी खिडकीतून "चोर, चोर" असा गलका केला होता. शेजारचे काका लाटणं घेऊन धावत आले. त्या प्रसंगावर हसून झालं, पण घरात नाही जमलं तर काय, तेही नवरा-बायकोनं बघून ठेवलं होतं. शहराबाहेरचा वृद्धाश्रम. स्वच्छ होता, माणसंही चांगली होती. परत येताना बायकोनं बसमध्ये तिथलं माहितीपत्रक घड्या घालून पर्सच्या तळाशी कोंबलं होतं.

तो खोलीत गेला. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, शिवणाचा डबा मांडीवर.

"कोण हवंय तुम्हाला?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो." हे खरंच होतं.

"आमच्याकडे लिफ्ट नाही."

"हो, पण बटण तुटलंय."

"लिफ्टचं?"

"शर्टाचं."

त्यांनी चष्मा वर सरकवला, बटण घेतलं. सुई एका झटक्यात ओवली. तो स्टुलावर बसला. दोरा आत-बाहेर करता करता त्यांचा चेहरा सैल होत गेला.

"बायको नाही का तुम्हाला?"

"आहे. तिला शिवण येत नाही."

"आईनं वळण लावलं नसेल."

स्वयंपाकघरातून जोरात खोकल्याचा आवाज आला.

ही बटणाची शक्कल त्याचीच. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की नावं, माणसं, काल काय झालं, हे मेंदूत जिथं साठतं तो भाग झिजलाय. सवयी मुरतात त्या वेगळ्या जागी, खोल आत. तिथं अजून काहीतरी नवं रुजू शकतं.

"म्हणजे वरचा मजला बंद, तळमजला चालू," तो म्हणाला होता.

डॉक्टर हसले. "तसं समजा. पण तळमजल्याला सांगून काही कळत नाही, करून कळतं. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम. आणि शेवटी त्यांना बरं वाटलं पाहिजे. एखाद्या जुन्या सवयीच्या शेपटीला ही नवी बांधून बघा. हमी मात्र मी देत नाही."

शिवण ही जुनी सवय होती. शेपटीला त्यानं स्वतःला बांधून घेतलं. पण रोज सकाळी प्रश्न तोच यायचा. कोण हवंय तुम्हाला?

सोमवारी नेमका तो उशिरा उठला. जाग आली तेव्हा बायको पायात चपला घालत होती. त्यानं खुंटीवरचा शर्ट ओढला आणि धावतच खोलीत गेला.

"कोण हवंय तुम्हाला?"

"मी लिफ्ट..." त्यानं तळहात पुढे केला. हात रिकामा. खाली पाहिलं. सगळी बटणं जागच्या जागी, तिसरं तर कालच लावलेलं, घट्ट.

सासूबाई त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मग शर्टाकडे. खुर्चीच्या दांड्यावर त्यांची बोटं आवळली. गलका व्हायच्या आधी अशीच आवळायची. दारात बायको येऊन थांबली, खांद्याला पर्स.

सासूबाईंनी हात लांबवून त्याचा शर्ट धरला. ओढून त्याला जवळ घेतलं, वाकायला लावलं. डब्यातली कात्री काढली आणि तिसरं बटण कचकन कापलं.

"हं," त्या म्हणाल्या आणि सुई ओवायला घेतली.

तो स्टुलावर टेकला. हसू येत होतं. त्यानं दाराकडे मान वळवायचा प्रयत्न केला.

"हलू नकोस. टोचेल."

तो हलला नाही. दारात बायकोही हलली नाही. मग ती मागच्या मागे पावलं न वाजवता गेली आणि बाहेरचं दार हळूच लागलं.

"कोण गेलं?"

"तुमची लेक. कामावर."

"आणि तू?"

"मी आहे घरी."

"मग बस की नीट," दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या. "पाहुण्यासारखा अवघडलायस कशाला?"