बिनगजाचा स्टँड

दसऱ्याला हत्यार चालवायचं नाही, ही वागळे इस्टेटमधल्या गाळ्यागाळ्यांतली रीत. वर्षभर ज्यांच्या जिवावर पोट भरायचं, त्यांना एक दिवस कुंकू लावून पाटावर बसवायचं. प्रभाकरशेठच्या गाळ्यातही ग्राइंडर आणि वेल्डिंगचं मशीन झेंडूचे हार घालून नवरदेवासारखी बसली होती. गाळ्यातला कारागीर सुदेश पेढ्यांचा बॉक्स उघडत होता, तेवढ्यात प्रणित नावाचं गिऱ्हाईक आत आलं. त्याच्या हातात मोटरसायकलचा मोडलेला साइड स्टँड होता.

हे सुदेशचंच काम. हौशी पोरं गाडी उंच करून घेतात आणि मग कंपनीचा स्टँड आखूड पडतो. तो मध्ये कापायचा, पाइपचा तुकडा जोडायचा, जोड घासून गुळगुळीत करायचा आणि वरून आरशासारखा क्रोम चढवायचा. जोड कुठे आहे ते शोधून दाखवा, अशी सुदेशची ख्याती होती. या ख्यातीचाच त्याला सगळ्यात जास्त माज होता.

"काल टेंभी नाक्याला देवीला गेलेलो," प्रणित म्हणाला. "गाडी लावून वळलो नाय तर धाडकन खाली. आरसा गेला. मागे कोण नव्हतं, नशीब."

"नवीन देऊ रे. आज मशीन बंद, उद्या ये," प्रभाकरशेठ म्हणाले आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.

सुदेशने स्टँड उजेडाकडे धरला. पाइप बरोबर जोडावर तुटला होता आणि आत पोकळ होता.

जोड घासून सपाट केला की वरचं वेल्डिंग बहुतेक निघूनच जातं. खरा भार तोलतो तो आत बसवलेला लोखंडी गज. तो कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुकही कोणी करत नाही. नवरात्राच्या आधी क्रोमवाल्याकडे माल पाठवायची घाई होती. गज संपलेला, आणायला जायचा कंटाळा. 'चालतंय' म्हणून सुदेशने स्टँड तसेच जोडले, उलट नेहमीपेक्षा जास्त घासले. चमक तर अशी आली की शेठनी पाठ थोपटली. या 'चालतंय'ने आपल्याकडे जितकी घरं बुडाली, तितकी पुरात बुडाली नसतील.

त्याच मालातला एक स्टँड डोंबिवलीच्या मितेशचा होता. गाडी न्यायला आला तेव्हा मितेश हौसेने म्हणाला होता, "दसऱ्याला पोरीला नऊवारी नेसवून गाडीवर बसवणार. फोटोत स्टँड चमकला पाहिजे, काय?" तेव्हा सुदेश हसला होता. आता ते बोलणं त्याला आठवलं. तीन-चार वर्षांची पोर, आणि अंगावर कोसळणारं एवढं गाडीचं धूड.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पूजेच्या गडबडीत फोन कोण घेणार?

"कुठे निघालास?" शेठनी विचारलं.

"मितेशकडे. त्याच्या स्टँडमध्ये पण गज नाय."

शेठनी प्रणितकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सणासुदीला लोकांच्या दारात जाऊन हे सांगणार? उद्या गुपचूप बोलवू, 'पॉलिश राहिलंय' म्हणून बदलून देऊ. नाव घालवू नकोस, सुदेश."

एक क्षण सुदेशला ते पटलं, हे सांगितलंच पाहिजे. शेठचं बोलणं आपल्या सोयीचं असलं की ते शहाणपणाचं वाटतं. पण मग ती पोर पुन्हा डोळ्यांसमोर आली आणि त्याने स्कूटरला किक मारली.

मुंब्रा बायपासवर ट्रेलर रांगेत उभे होते. शिळफाट्याला तर मुंगी शिरायला जागा नव्हती. सुदेश चुकीच्या बाजूने घुसला, शिव्या खाल्ल्या, दर सिग्नलला फोन लावला. आपण पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, या विचाराने तो मिळेल त्या फटीतून स्कूटर घुसवत होता. देवीला काय बोलावं हेही त्याला सुचेना. 'मी चूक केली, तू सांभाळ' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

मितेशच्या सोसायटीच्या आवारात गाड्यांची पूजा चालली होती. हार घातलेली मोटरसायकल ऐटीत कलून उभी, चाकाखाली लिंबू, आणि सीटवर नऊवारीतली, नथ सावरत बसलेली पोर. मितेश समोर गुडघ्यावर बसून फोन धरत होता. म्हणूनच तो फोन उचलत नव्हता. आलेला कॉल बाजूला सारून पुन्हा फोटो.

"उतरवा तिला!" सुदेश ओरडला आणि त्याने धावत जाऊन पोरीला उचललं. ती घाबरून रडायला लागली. तिची आई सोनल धावत आली आणि तिने पोरीला त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"ए, वेडा झाला काय?" मितेशने त्याची कॉलर धरली.

"स्टँड मोडेल. आत गज नाय घातलेला मी."

मितेशने वाकून पाहिलं. स्टँड लखलखत होता. "मोडेल? आठवडा झाला, चालवतोय मी. कुठाय जोड? दाखव की."

सुदेशला दाखवता येईना. जोड दिसू नये म्हणूनच तर त्याने सगळी कला पणाला लावली होती. भोवती जमलेली माणसं हसायला लागली. "सकाळपासून लावून आलाय वाटतं," कोणीतरी म्हणालं. मितेशने कॉलर सोडली आणि तो पोरीला म्हणाला, "ये बाळा, एकच फोटो राहिलाय."

सुदेशने मग विचार केला नाही. तो स्वतः गाडीवर चढला आणि सगळा भार डावीकडे टाकून त्याने दाबलं. काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. कट् असा बारीक आवाज झाला आणि गाडी त्याला घेऊन आडवी झाली. हँडल फरशीवर आपटलं, टाकीला पोचा पडला, सुदेशचा पाय खाली सापडला. हाराची फुलं सगळीकडे पसरली.

हसणारे पुढे धावले. दोघातिघांनी गाडी उचलली. सोनल पोरीला छातीशी घट्ट धरून त्या फरशीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मितेशने तुटका तुकडा उचलून पोकळ पाइपात पाहिलं. तो मारेल, असं सुदेशला वाटलं. मारलं असतं तर बरंही वाटलं असतं.

"असे अजून किती दिलेस?" मितेशने विचारलं.

वाटभर हा प्रश्न सुदेशने मनाच्या दाराबाहेर उभा ठेवला होता. "दोन," तो म्हणाला. "एक काल मोडला, तो सोडून. एक कल्याणला, एक ठाण्यात."

"फोन केलास त्यांना?"

"नाय," सुदेश म्हणाला.

मितेशने त्याच्यापुढे हात केला. "स्कूटरची चावी दे. मी चालवतो, तू मागे बस. तू एकटा जाशील यावर माझा भरवसा नाय."

सुदेशने चावी दिली. पाय भयंकर ठणकत होता, तरी तो मुकाट्याने मागे बसला. कारण तसा भरवसा त्याचा स्वतःचाही नव्हता.