पाहुण्यासमोर बादली

बादली लपवायची नाही, असं मी आईला तीन वेळा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि बादली उचलून माझ्याच कपाटात ठेवली.

"अगं, वकील येतोय, बिशप नाही!"

"पाहुणा तो पाहुणा. घरात बादल्या मांडून बसवू त्याला?"

"हो! तेच बघायला येतोय तो!"

"आवाज खाली, दालिया. आणि केस विंचर."

ऑगस्टच्या वादळात आमचं अर्धं छप्पर उडालं. आता वर निळी ताडपत्री आणि माझ्या पलंगाशेजारी बादली. विमा कंपनी म्हणते, नुकसान मान्य, पण घर ज्याच्या नावावर त्याची सही आणा. घर व्हावोंच्या नावावर. व्हावो म्हणजे पोर्तुगीजमध्ये आजोबा, आईचे वडील. मार्चमध्ये त्यांना झटका आला. हातपाय परत चालायला लागले, डोकं नाही. रोज स्वेटर उलटा घालून, खिशात बटाटा घेऊन फिरतात. आई दिवसभर मासे कापायच्या कारखान्यात, म्हणून त्यांच्यामागे मी.

मग काय, कोर्टानं आईला त्यांची कन्झर्व्हेटर नेमायला हवं. म्हणजे त्यांच्या वतीनं सह्या करायचा हक्क तिला. हे मी शोधून काढलं, फॉर्मही मीच भरले. शाळेतली बाई म्हणायची, तुला चिकाटी नाही. ये म्हणावं आता, भर बावीस पानं.

पहिली तारीख फुकट गेली. डॉक्टरनं तपासून तीस दिवसांच्या वर झालेले चालत नाहीत, आमचे झाले होते चौतीस.

"चार दिवसांत काय ते बरे झाले?" मी कोर्टाच्या खिडकीतल्या बाईला विचारलं. आईनं मला कोपरानं ढोसलं आणि त्या बाईला थँक्यू म्हणाली. थँक्यू!

ही दुसरी वेळ. कोर्टानं व्हावोंच्या बाजूनं एक वकील दिला होता, व्हेलन नावाचा. तो घरी येऊन बघणार आणि ह्यांना खरंच कुणाची गरज आहे का, ते जजला सांगणार. तो नाही म्हणाला की परत पहिल्यापासून. तोवर बर्फ पडणार, आणि बर्फाचं वजन ताडपत्रीला पेलत नाही.

आणि आई काय करते? पहाटे उठून गोड पाव भाजते. व्हावोंची दाढी करते, अत्तर लावते, चर्चचा काळा सूट चढवते. बटाटा काढून घेतला आणि खिशात रुमाल खोचला. नवरदेव!

व्हेलन आला. व्हावो उठून उभे राहिले, त्याचे दोन्ही हात धरले. "या, या! बसा. घर तुमचंच. आई बरी आहे ना?"

झटक्यानंतर त्यांच्याकडे उरलीत ती फक्त असली पाहुणचाराची वाक्यं. पन्नास वर्षं दारात उभं राहून म्हटलेली, म्हणून टिकली. पण व्हेलनला काय माहीत? आईनं त्याला इंग्रजीत सांगितलं, तो खूश.

"आई मजेत आहे माझी! काय तल्लख आहेत हो हे." चोरिसचं तिखट सॉसेज खात खात त्यानं विचारलं, "हे घर कुणाचं, आजोबा?"

आईनं पोर्तुगीजमध्ये विचारलं. व्हावो म्हणाले, "घर तुमचंच!"

सगळे हसले. मी नाही. मला व्हेलनचा कागद उलटा दिसत होता. 'प्रसन्न. नीटनेटके. बोलके.'

"घरातले व्यवहार कोण बघतं?"

"तेच बघतात अजून," आई म्हणाली.

"आई! अर्ज तुझा आहे!"

"त्यांच्या तोंडावर बोलू?" ती दात आवळून म्हणाली. "वडील आहेत माझे."

व्हेलननं पुढची ओळ लिहायला घेतली. 'गरज फारशी'. एवढं वाचलं आणि माझं टाळकं फिरलं. मी कपाटातून बादली आणली आणि लेसच्या टेबलक्लॉथवर, पावाशेजारी आदळली. छपरातून गळलेलं पिवळं पाणी उसळून व्हेलनच्या बशीत गेलं. त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, विम्याचा कागद व्हावोंपुढे ठेवला.

"व्हावो, इथं सही करा."

त्यांनी पेनाकडे बघितलं. माझ्याकडे बघून हसले, मीही पाहुणीच. मग पेन कॉफीत बुडवून ढवळलं, चाटलं, आणि व्हेलनला परत दिलं. "घ्या ना. घ्या."

आईनं ते पेन रुमालानं पुसलं. किती वेळ पुसत होती! व्हेलननं दुसरं पेन काढलं आणि लिहिलेलं खोडलं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "पाहुण्यासमोर उघडं केलंस त्यांना."

"मग छप्पर काय संत अंतोनियो घालणार?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. "बाबा, तिला सांगा, जेवायला वाढलंय." आणि व्हावो मला सांगायचे, "या, बसा."

कोर्टात व्हेलननं सगळं नीट सांगितलं. तरी जजला आईच्या तोंडून ऐकायचं होतं. तुमच्या वडिलांना कशावर सही करतात ते कळतं का? व्हावो सूट घालून शेजारीच. आईनं त्यांच्या खिशातला रुमाल नीट केला. मला वाटलं, आता मीच ओरडते. तेवढ्यात ती म्हणाली, "नाही." इंग्रजीत म्हणाली, त्यांना कळू नये म्हणून. त्यांना आता पोर्तुगीजही कळत नाही, पण तिचं आपलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छपरावर माणसं चढली. ठोकाठोक सुरू झाली आणि व्हावो खुर्चीतून उठले.

"दार उघडा, कुणी आलंय."

"छपरावरची माणसं आहेत, व्हावो."

ठक ठक. "दार उघडा."

"छपरावर! छपरावर आहेत!"

ठक ठक. "दार..."

आई टेबलापाशी कामगारांच्या कागदावर सही करत होती. वर व्हावोंचं नाव छापलेलं, खाली ती. मान वर न करता म्हणाली, "जा, उघड की."

बादलीच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलली, आणि तेही हे!

उघडलं. बाहेर कुणी नाही, नुसता गार वारा आत आला.

"या, या," व्हावो म्हणाले. "बसा."

मी दार धाडकन लावलं. "आले, बसले," मी म्हटलं. "आता तुम्हीपण बसा."