बाटलीतली गाठ

हॉलच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर एक बाई निजली होती आणि फुंकर घालून रोग घालवतो म्हणून लोक ज्याला फुंकरवाला म्हणत, तो बाबा नुसत्या बोटांनी तिचं पोट दाबत होता.

"सुरी नको, टाका नको. विश्वास तेवढा आणा. शंका घेतली की गाठ आत पळते," तो सांगत होता.

गाठ पळते म्हणे, मास्तरांना बघून पळणाऱ्या पोरासारखी. पण बोटांखालून रक्त आलं, मागोमाग लिबलिबीत गोळा आला. त्याने पोट पुसलं, तर ओरखडासुद्धा नाही. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मी हे पाहिलं आणि हसून परत आले. काही दिवसांनी त्याच टेबलावर माझी आई निजली, हे मला चार महिन्यांनी कळलं.

माझी थोरली बहीण आमच्या शहरातली पहिली बाई डॉक्टर. मी तिच्याच दवाखान्यात नर्स. तिने शिकावं म्हणून आई सगळ्या घराशी भांडली होती. दवाखान्याला दोन वर्षं झाली, तरी बायका यायच्या त्या ताप-खोकला घेऊन. ऑपरेशनचं नाव काढलं की पदर सावरून उठायच्या. बाईमाणूस काय कापाकापी करणार, असा त्यांचा हिशेब.

एका दुपारी आई चक्कर येऊन पडली. ताईने तपासलं. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती, काखेतही दोन.

"कधीपासून आहे ही?"

"ती तर काढली गं. उरलेलं मूळ आपोआप सुकेल म्हणालेत," असं म्हणत आईने कपाटातून बाटली काढून दिली. आत स्पिरिटमध्ये तपकिरी तुकडा होता.

ताईने त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग मला म्हणाली, "रक्ताच्या प्रत्येक तांबड्या पेशीत ठिपका दिसतो? माणसाच्या पेशीत तो नसतो, पक्ष्याच्या असतो. ही कोंबडीची कलेजी आहे."

ती आईजवळ जाऊन बसली. "माझ्याकडे का नाही आलीस?"

"तुझ्या हाताखाली मी गेले असते तर? हिने आईला मारलं म्हणाले असते लोक. परत एक बाई तुझ्या दारात आली नसती."

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं असतं, तर आई बहुधा वाचली असती. आता रोग यकृतात पोचला होता.

"मला झोपव टेबलावर," आईच म्हणाली. "सगळ्यांसमोर."

रविवारी दवाखान्यात फक्त बायकांना बोलावलं. चाळीसेक आल्या. ताईने आईच्या छातीवर बोटं दाबली. रक्त आलं. तिने गोळा ओढून काढला, कातडी पुसली.

"डॉक्टरीणबाईंनाही सिद्धी मिळाली," पुढे बसलेली शिंपीण पुटपुटली.

ताईने मूठ उघडली. तळव्यात फुटका फुगा होता. "यात लाल रंगाचं पाणी भरलं होतं. कलेजी खाटकाकडची. दोन्ही कापसाच्या बोळ्यात लपवून दाबलं की झालं. आता जवळ या. हात लावून बघा, गाठ गेली का ते."

एकेक बाई पुढे आली. शिंपिणीने हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"नीट दाब," आई तिला म्हणाली. "मला दुखत नाही. दुखत नव्हती म्हणूनच मी इतके दिवस काढले."

फुंकरवाला त्या आठवड्यात बोचकं उचलून पसार झाला. दोन महिन्यांनी आई गेली. नंतर दवाखाना उघडला तेव्हा दारात शिंपीण उभी होती. तिच्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. ताईने ती काढली. शिंपीण बरी आहे.

त्या ऑपरेशननंतर ताई हात धुवायला गेली आणि नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. मी आत गेले नाही.

हे वाचणाऱ्या बायांनो, गाठ हाताला लागली की डॉक्टरकडे जा. दुखत नसली तरी जा. नुसत्या बोटांनी कुणी गाठ काढत असेल, तर ती कशाची आहे ते तपासून घ्या. आणि लेकीला जपायचं म्हणून तिच्यापासून आजार लपवू नका. लेकीला ते पेलत नाही.