पांढरे कागद आणि आखडलेल्या रिंगा

मित्रांनो, मी विमानाचे एक जुने इंजिन आहे. व्याकरणात मी 'ते' आहे. पण "मी उडालं" असे म्हणायला मलाच कसेतरी वाटते. तेव्हा "मी उडालो" एवढे चालवून घ्या.

बावीस वर्षे मी एका विमानाच्या डाव्या पंखाखाली लटकून काम केले. बंद न पडणाऱ्या इंजिनाचे कौतुक कुणी करत नाही. एकदा मात्र एका आजोबांनी खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून आजींना विचारले, "फिरतंय ना गं हे?" मग सबंध प्रवासभर त्यांनी माझ्यावरची नजर हटवली नाही. इतका जीव मला पुन्हा कुणी लावला नाही.

पुढे नवी इंजिने आली आणि मला चाचणीच्या काँक्रीटच्या खोलीत आणून बारा बोल्टांनी जखडले. मी पळून जाईन अशी त्यांना भीती आहे. ती रास्त आहे. इथे मी जीव तोडून धावतो आणि बोटभरही पुढे सरकत नाही. धूर जायच्या वाटेतून आभाळाचा ताटाएवढा तुकडा दिसतो. ढग आला की तोही दिसत नाही.

माझी देखभाल मामा करतात. अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. पण धुरातली काजळी मोजणारी मुलगी त्यांची खरीखुरी भाची. माझा धूर ती गोल पांढऱ्या कागदातून ओढून घेते. कागद जितका काळा, तितकी काजळी जास्त. माझे कागद पाहून ती एकदा म्हणाली होती, "मामा, हे इंजिन आहे की काजळाची डबी?" मला आठवडाभर वाईट वाटले.

एक दिवस नवे इंधन आले. वापरलेल्या तळणीच्या तेलापासून बनवलेले. साहेब म्हणाले, "काजळी कमी झाली, तर हेच इंजिन पुन्हा पंखाखाली लावू. नाहीतर उभं कापून कॉलेजला देऊ, पोरांना आतलं बघायला."

पुन्हा पंखाखाली! मित्रांनो, त्या दिवशी मी ते तेल असे जाळले, की जन्मभर बटाटेच तळत आलो असे वाटावे.

भाचीने माझ्या वेगवेगळ्या वेगांना घेतलेले पाच कागद टेबलावर क्रमाने मांडले आणि ती मोजायचे यंत्र आणायला गेली. तेवढ्यात मामांना आवराआवरीची हुक्की आली.

"मामा, इथले कागद कुठे गेले?"

"कोरे होते ना? ठेवले डब्यात. सांडलेला डबापण भरला, नीट पिसून."

"पिसून? पत्ते आहेत का ते? अरे, वापरलेले होते ते!"

"अगं, वापरलेला कागद काळा असतो. तीस वर्षं बघतोय मी."

"चष्मा कुठाय तुझा?"

मामांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डब्याकडे पाहिले. शोधून पाच फिकट राखाडी कागद सापडले असते. पण कोणता कोणत्या वेगाचा, ते कोण सांगणार?

शेवटचे पिंप उरले होते. पुन्हा चाचणी घेतली. या वेळी भाचीने मामांना दोन्ही हात खिशात घालायला लावले. कागद आले, काजळी निम्म्याहून कमी! "कार्बन डायऑक्साइड नळीतून जवळजवळ तेवढाच निघतो," ती साहेबांना म्हणाली, "पण तो बराचसा पिकांनी हवेतूनच घेतलेला. काजळी मात्र खरंच घटलीय."

मी मनाने पंखाखाली पोहोचलोसुद्धा. तेवढ्यात माझ्या पोटाखाली टप् असे वाजले.

"गळतंय," मामा हळूच म्हणाले.

दोष इंधन गळू नये म्हणून नळ्यांच्या सांध्यांत बसवलेल्या माझ्या रबरी रिंगांचा होता. केरोसीनमध्ये ॲरोमॅटिक नावाचे घटक असतात. नावात सुगंध, काम काजळीचे. बावीस वर्षे ते पिऊन माझ्या रिंगा फुगून घट्ट बसल्या होत्या. नव्या इंधनात ते नव्हते. काजळी घटली आणि त्याच कारणाने रिंगाही आखडल्या.

"रिंगा बदलतो, साहेब."

"मामा, या मॉडेलच्या रिंगा आता कुणी बनवत नाही," साहेब म्हणाले.

नवे इंधन पास झाले, मी नापास. आता ते दुसऱ्याच इंजिनात जळते. त्या इंजिनाचे विमान छपरावरून जाते, तेव्हा मी त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकतो, आणि तो संपल्यावरही थोडा वेळ ऐकतच राहतो.

मला अजून कापलेले नाही. रिंगांचा साचा स्वतः बनवतो, असे सांगून मामांनी साहेबांकडून मुदत मागून घेतली आहे. पहिल्या तीन रिंगा अंडाकृती झाल्या.

मित्रांनो, नवे, चांगले काही जरूर आणा. पण ते भरण्याआधी जुन्या रबराची चौकशी करा. आणि कुठे माझ्यासारखे थांबलेले इंजिन दिसले, तर तिथल्या मामांना विचारून त्याचा पंखा हाताने एकदा हलकेच फिरवा. त्याला वाटेल, वारा आला.