फळ न धरणारं कमरख

मित्रांनो, मी पवनीचं एक जुनं कमरखाचं, म्हणजे शहरातल्या भाषेत स्टारफ्रूटचं, झाड आहे. बाराही महिने हिरवं, म्हणून शोभेसाठी लावलेलं. बहात्तर साली शकुनबाईंनी मला नागपूरहून आणलं, तेव्हा मी तुपाच्या रिकाम्या डब्यात मावत होतो. त्यांचे यजमान श्यामराव धानाचे व्यापारी. घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं.

पवनीच्या उन्हात माझी पालवी करपायची. शकुनबाई मला आडोसा म्हणून बांबूची तट्टी लावायच्या, तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात ओतायच्या. मी छपराला टेकलो, दाट सावली धरली. येणारे-जाणारे कौतुक करत. पण फळ काही धरेना. हळूहळू कौतुकही आटलं.

एका उन्हाळ्यात श्यामरावांची थोरली बहीण ताराबाई आली. ओट्यावर बसून म्हणाली, “श्याम, इतकी वर्षं झाली, एक फळ नाही. वांझोटं झाड आंगणात कायले ठेवतं? तोडून टाक. पोत्यांले जागा होईल.”

बोलत होती माझ्याबद्दल, पण नजर शकुनबाईंवर होती.

ती गावी परतली आणि श्यामरावांनी कुऱ्हाड काढली. पहिला घाव बुंध्यावर बसला. शकुनबाई धावत येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

“फळ नाही म्हणून तोडता का त्याले? मंग मले बी काढून द्या घरातून.”

श्यामरावांचा हात थांबला. “ताराबाईनं तुले काही म्हटलं का?”

“म्हणाच लागते का? मले समजत नाही का?”

श्यामरावांनी कुऱ्हाड खाली ठेवली. मग शेणमाती कालवली आणि माझ्या जखमेवर आपल्या हातांनी लिंपली. पोती ओसरीत रचली. पुढच्या खेपेला ताराबाईनं तोच विषय काढला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाई, या घरात तो शब्द पुन्हा काढू नको.”

चहा घेऊन आलेल्या शकुनबाई दारातच थबकल्या.

आणखी दोन पावसाळे गेले. माझ्या जुन्या फांद्यांवर जांभळट फुलं आली, थंडीत फळं पिवळी झाली. श्यामरावांनी पहिलं फळ आडवं कापलं. चांदणीसारखी एक चकती शकुनबाईंना दिली, एक स्वतः खाल्ली आणि डोळे गच्च मिटले.

“किती आंबट आहे हे!”

“मंग मी कधी म्हटलं, गोड लागते म्हणून?”

दोघंही खूप हसले.

मित्रांनो, आपल्या दारच्या झाडाला पाणी घाला, उन्हात आडोसा करा. फळ येवो, न येवो. आणि त्याला नावं ठेवावीशी वाटली, तर आधी पाहा, ते बोलणं आणखी कोणाच्या कानावर पडतं आहे.