चार स्क्रू आणि तिसरा स्लॉट

मी मेमरी स्लॉट बोलतोय, तीन नंबरचा. लोहा गावातल्या शिवांगीताईच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही चौघे भाऊ मदरबोर्डवर शेजारी शेजारी उभे आहोत. प्रत्येकाच्या खाचेत मेमरीची एक पट्टी बसते. मोकळं बसणं मला मुळीच जमत नाही.

ताई नांदेडला तंत्रनिकेतनात शिकते. तिने याच कॉम्प्युटरवर मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीचा मोठा नकाशा केला होता. सोमवारी सकाळी तो सरांना दाखवायचा होता; त्यावरच तिचं शेवटचं वर्ष अवलंबून होतं.

शनिवारी प्रोसेसरवरचा जुना पंखा घरघरू लागला. ताईने नवा आणला. तो बसवायला ग्यानोबाकाका आले. काका विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करतात. त्यांनी पहिला स्क्रू शेवटपर्यंत आवळला, मग दुसरा, मग उरलेले दोन.

"हालता कामा नये," ते म्हणाले.

हलायचं कुठलं? बोर्ड एका कोपऱ्यात वाकला. मला प्रोसेसरकडून निरोप येईनासे झाले. चार नंबरही गप्प झाला. पडद्यावर मेमरी सोळा जीबीऐवजी आठच दिसू लागली आणि नकाशा उघडता उघडता बंद पडायचा.

रविवारी सकाळी ताईने आमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. काही होईना. दुकानदार फोनवर म्हणाला, "बोर्ड गेला ताई, नवा टाका. चार दिवस लागतील."

चार दिवस! मी गेलो नव्हतो, पण हे तिला सांगणार कोण?

मग तिने चारही पट्ट्या आळीपाळीने एक नंबरच्या खाचेत लावून पाहिल्या. चारही चालल्या. म्हणजे पट्ट्या बऱ्या होत्या; बिघाड सुरू झाला तो नवा पंखा बसल्यापासून. एकेक स्क्रू शेवटपर्यंत आवळल्याने बोर्ड वाकलाय, हे तिच्या लक्षात आलं. पण काकांना त्यांची चूक तोंडावर दाखवणं तिला जमेना.

काका चहाला आले तेव्हा तिने खाली बघतच विचारलं, "काका, पंपाला पाइप जोडताना फ्लँजचे नट कसे आवळता तुम्ही?"

"समोरासमोरचे, थोडे थोडे. एकच आवळला तर दुसऱ्या बाजूनं पाणी गळतंय की. का गं माय?"

ताईने नुसता स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

काकांनी स्क्रूंकडे पाहिलं. बशीतला चहा तसाच राहिला. "एवढाले बारके," ते पुटपुटले, "म्हणून मी ध्यान दिलं न्हाई."

"तुम्हीच करा, काका."

"न्हाई. तू कर, मी बघून राहिलोय. आधी चारी सैल कर. आता हा थोडा आवळ, मग समोरचा घे. बास, बास. तू तर माझ्यापेक्षा आडदांड हायस."

बोर्ड सरळ झाला. बटण दाबताच माझ्या अंगातून मुंग्या धावल्या. पडद्यावर सोळा जीबी आले आणि वसतिगृहाचा नकाशा अगदी जिन्यासकट नीट उघडला.

आज सोमवार. ताई नकाशा पेनड्राइव्हमध्ये घेऊन पहिल्या बसने गेली. सरांना आवडला का, काय विचारलं त्यांनी, मला कळायला मार्ग नाही. मघाशी काका आले. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "बरा हायस न्हवं?"

कॉम्प्युटर बंद होता, माझ्यात वीज नव्हती. उत्तर देता आलं नाही.

ताई, आलीस की आधी बटण दाब. पास झालीस की नाही ते नंतर सांग, पण काकांना तेवढं कळव, की मी बरा आहे.