दमले मी

"आजोबा, हे 'दमले' कशाला? कॉम्प्युटर काय बाई आहे?" फोनवर मुकादम हसत होता.

मुकादम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. हौशी मंडळींनी फावल्या वेळात, एक पै न घेता उभी केलेली एक प्रोग्रॅमिंगची भाषा होती. तिच्यात कुणाचं काम आत घ्यायचं, कुणाचं परत पाठवायचं, हे तो बघायचा, म्हणून मुकादम. आणि पाणीखात्यातून निवृत्त झालेले आपले गृहस्थ सगळ्यांचे आजोबा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काही चुकलं की पडद्यावर जे मराठी वाक्य उमटतं, ते सांभाळायचं काम त्यांचं.

वाक्यं मात्र बायकोची. हे खोलीतून ओरडायचे, "अगं, कंस उघडला आणि बंदच केला नाही, तर काय म्हणशील?" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "दार उघडं टाकून कुठे निघालात?" शून्याने भागलं तर? "वाटायला बसलात, पण घेणारं आहे कोण?" हे हसत हसत जसंच्या तसं टाइप करायचे. आणि प्रोग्रॅम स्वतःलाच हाका मारत सुटला, थांबेचना, तर काय? तिथे तिने हातच जोडले होते. "तेच तेच किती वेळा? दमले मी!"

"सगळं एकसारखं करतोय," मुकादम म्हणाला. "'मर्यादा ओलांडली', बास. नव्या पोरांना थट्टा कळत नाही हो, गोंधळतात. तुम्ही हो म्हणालात तरच काढतो."

पोराचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत.

"काढ," आजोबा म्हणाले आणि फोन ठेवला. बायकोला झटका आला त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

झटका पक्षाघाताचा होता. ती पलंगावर पडून असायची. वाचा गेली ती गेलीच. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, मागितल्याशिवाय हातात काही द्यायचं नाही, गरज पडली की जीभ आपोआप वळेल. आजोबांनी पेला लांब धरला.

"म्हण, पाणी. बरं, नुसतं 'पा' म्हण. म्हण ना गं! एकदाच."

ओठ थरथरले. आवाज काही फुटला नाही. सकाळपासून हेच चाललं होतं.

शेवटी पेला ठेवून ते कॉम्प्युटरपाशी बसले. तिचं ते वाक्य काढून टाकलं जायच्या आधी एकदा डोळे भरून बघावं म्हणून मुद्दाम तसला चुकीचा प्रोग्रॅम चालवला. वाक्य उमटलं.

"ऐक, तुझंच आहे," ते म्हणाले आणि तिच्याच ठसक्यात मोठ्याने वाचलं, "तेच तेच किती वेळा? दमले मी!"

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिने मान हलवली. सावकाश, दोनदा. हो, हो.

 आजोबा उठले, तिच्या मानेखाली हात घातला आणि काही न विचारता चमचा चमचा पाणी पाजू लागले.